पट्टी काळी पाच

साताऱ्यातल्या आमच्या पेठेच्या भजनी मंडळाचा अमृतमहोत्सव करायचा ठराव एकमताने पास झाला. एकमत झालं याचं कारण एवढंच, की त्या रात्री वीज गेली होती आणि कोण हात वर करतंय, कोण खाली, ते कुणालाच दिसत नव्हतं. स्मरणिका काढायची, तिच्यात जाहिराती घ्यायच्या आणि जाहिरातींच्या मधे जी जागा उरेल तिच्यात ‘मंडळाचा इतिहास व गायनसंग्रह’ असा लेख टाकायचा, असंही ठरलं. लेखाची जबाबदारी माझ्यावर आली. मी मंडळात पस्तीस वर्षं टाळ वाजवतोय. पण निवड झाली ती त्यामुळे नव्हे, त्या अनुभवाला वैतागून. बुवा म्हणाले, “मास्तर, तुमीच ल्ह्या. म्हंजे म्हैनाभर हात वहीत गुतल्याला ऱ्हाईल.”

पहिल्याच वाक्याला गाडी अडली. स्थापना कधी? तात्यांच्या मते पखवाज आणला ते स्थापनेचं साल. अण्णांचं म्हणणं, तो पखवाज मुळात पलीकडच्या आळीचा, सप्ताहाला मागून आणलेला आणि परत द्यायचा राहिलेला. तेव्हा त्या सालाचा छापील उल्लेख करून जुनी उधारी उकरून काढू नये. बुवांच्या मते मारुतीच्या देवळावर पत्रा पडला तेव्हापासून मंडळ धरावं, कारण त्याआधी पाऊस आला की मंडळ आपोआप बरखास्त व्हायचं. दप्तर म्हणून जे आहे ती चहाची वही. तिची सुरुवातीची पानं उंदरांनी नेलेली. उरलेल्या पानांवर ‘एकादशी. माणसं ९. चहा १४.’ अशा नोंदी आहेत. वरचे पाच चहा कुणी प्यायले हा आमच्या इतिहासातला सगळ्यात जुना आणि अजून न सुटलेला वाद आहे. पंच्याहत्तर वर्षं हा आकडा आम्ही कुठून काढला, असं कृपया विचारू नये. जाहिरात देणाऱ्यांनीही विचारलेलं नाही.

सांगलीच्या मेव्हण्याला फोन केला. सांगलीचा माणूस बोलायला लागला की पडदा वर गेल्यासारखं वाटतं.

“दाजी, भजनी मंडळ काय घेऊन बसलाय? समूहगानाचा इतिहास सांगलीपासनं सुरू करा. पाच नोव्हेंबर १८४३!”

ही तारीख सांगलीत लहान पोराला पाढ्यांच्या आधी शिकवतात. संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांनी कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचा खेळ पाहिला आणि आपल्या पदरच्या विष्णुदास भाव्यांना सांगितलं, असं काहीतरी मराठीत करा. भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ उभं केलं. पदं सूत्रधाराने म्हणायची, मागच्या साथीदारांनी ती टाळ-मृदंगावर उचलून धरायची, पात्रांनी मधल्या जागेत आपापल्या बुद्धीने बोलायचं आणि राक्षसांनी ‘अलल डुर्र’ अशी आरोळी ठोकत यायचं, अशी त्या वेळच्या नाटकांची पद्धत होती. मी म्हटलं, “पाव्हणं, अलल डुर्रला समूहगान म्हणायचं असेल तर आमच्या मंडळाची वार्षिक सभा नाट्यस्पर्धेला पाठवतो.”

पण तारखेचा मुद्दा होताच. सातारकर तारखेत हरला तर शाहू महाराजांच्या राजधानीला काय अर्थ उरला? मग मी हुकमाचं पान टाकलं. म्हटलं, “१८४३ ना? आमचे हैबतबाबा त्याच्या आधी अकरा वर्षं.”

हैबतबाबा पवार हे सातारा जिल्ह्यातल्या आरफळचे. ग्वाल्हेरला शिंद्यांच्या पदरी सरदार होते. मिळवलेली माया घेऊन गावाकडे निघाले असताना सातपुड्यात भिल्लांनी धरलं, तिथे त्यांनी हरिपाठ सोडला नाही, सुटका झाली आणि मग ते आरफळला न जाता थेट आळंदीला जाऊन राहिले, अशी कथा सांगतात. ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीचा आजचा जो सोहळा आहे तो त्यांनी १८३२च्या सुमाराला सुरू केला. माणूस लष्करातला. हजारो लोक एकाच वेळी गाणार, तेही चालत, तेही पावसात, हे त्यांनी फौजेसारखं लावून दिलं. कुठल्या दिंडीने कुठे चालायचं, सकाळी काय म्हणायचं, दुपारी काय, कुठल्या वाराला कुठले अभंग, सगळ्याला क्रम आहे. त्याला भजनी मालिका म्हणतात आणि ती छापील मिळते. आळंदीच्या देवळात पहिली पायरी आजही हैबतबाबांची म्हणूनच ओळखली जाते. गावाकडे निघालेला सातारकर वाटेत दुसरीकडेच रमतो, ही परंपराही बहुधा तिथूनच आली. आमचे निम्मे टाळकरी एकादशीला घरून निघतात ते देवळात पोचतच नाहीत.

मेव्हणा दोन क्षण गप्प बसला. मग म्हणाला, “व्हय, पण माउलींचं घोडं कुठनं येतंय? बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीहनं, शितोळे सरकारांच्या वाड्यातनं. आन् आळंदीला चालत जातंय ते मिरज-सांगलीवरनं. आमच्या गावाला पाय लावल्याबिगर तुमची वारी हलत न्हाई, दाजी.” याला उत्तर नव्हतं. मी बहिणीची खुशाली विचारली, म्हणजे त्याच्याच बहिणीची, जी माझ्याच स्वयंपाकघरात होती, आणि फोन ठेवला.

वारीतली एक गोष्ट मात्र सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. पालखी नीरा ओलांडून आमच्या जिल्ह्यात येते. लोणंद, तरडगाव, फलटण, बरड असे मुक्काम पडतात आणि लोणंदच्या पुढे चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण होतं. मुक्कामाच्या तळावर संध्याकाळी समाजआरती असते. सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहतात, हजारो टाळ एकदम वाजत असतात, शेजारच्याच्या तोंडचा शब्द ऐकू येत नाही. मग चोपदार हातातला चोप वर करतो आणि सगळा तळ गप्प होतो. बाळ रडलं तरी लाजून थांबावं अशी शांतता. पण एखाद्या दिंडीची तक्रार असेल, पाण्याचा टँकर आला नाही, चालण्याच्या जागेवरून काही झालं, तर ती दिंडी टाळ थांबवत नाही. त्या अख्ख्या शांततेत तेवढेच टाळ वाजत राहतात. चोपदार तिथे जातो, गाऱ्हाणं ऐकतो, मग ते टाळ बंद होतात. हरवल्या-सापडल्याचं सांगणं होतं आणि आरती सुरू. अर्ज नाही, झेरॉक्स नाही, साहेब जेवायला गेलेत हेही नाही.

मी ही पद्धत आमच्या मंडळात सुचवली. पुढच्या एकादशीला कुणाचाच टाळ थांबेना.

मंडळाची वीणा मिरजेची. सातारकरांना साधी सतारसुद्धा साताऱ्यात मिळत नाही, ती घ्यायला मिरजेच्या सतारमेकर गल्लीत जावं लागतं, हा विनोद आम्ही त्या गल्लीत केला. तो तिथे रोज कुणीतरी करत असावं, कारण दुकानदार हसला नाही, फक्त किंमत सांगितली. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात वाद्यांना हात घातला आणि मिरजेत तलवारीऐवजी तंबोरे बनायला लागले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण मला आवडली ती दुसरीच गोष्ट. वाद्याला लागणारा भोपळा येतो पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने. म्हणजे भोपळा पंढरपूरकडून मिरजेला येतो, वीणा होतो, आमच्या विणेकऱ्याच्या गळ्यात पडतो आणि आषाढीला चालत परत पंढरपूरला जातो. आमच्या मंडळात वारी न चुकवलेला सभासद हा एकच.

पखवाज मात्र खर्चिक. त्याच्या डाव्या तोंडावर ओल्या कणकेचा गोळा थापावा लागतो, त्याशिवाय तो बोलत नाही. ही कणीक आळीपाळीने सभासदांच्या घरून येते. आमच्या घरची पाळी असली की पखवाजवाल्याला चार भजनं तरी पोळीचीच आठवण येत राहते, इतकी ती मऊ असते, असं तो स्वतः सांगतो. दुसऱ्या एका घरची कणीक वाजवताना सुटून बुवांच्या धोतरावर पडली होती. त्या घराचं नाव स्मरणिकेत देऊ नये असा वेगळा ठराव झाला आहे.

आणि पेटी. अलेक्झांद्र दबँ नावाच्या फ्रेंच गृहस्थाने १८४२ साली पॅरिसमध्ये तिचं पेटंट घेतलं, तेव्हा पुढे ही वस्तू मांडी घालून वाजवली जाईल, अशी त्याला कल्पना नसणार. आकाशवाणीने १९४० साली पेटीला दार बंद केलं ते १९७१पर्यंत. सांगलीला आकाशवाणी केंद्र आलं, तेव्हाही ती बंदी होतीच. पण दिल्लीचा हुकूम मारुतीच्या देवळात पोचला नाही. भजनाला पेटी लागतेच, नाहीतर आपण कुठल्या पट्टीतून घसरलो ते कळणार कसं?

आता पट्टीचं. भजनी बुवाची किंमत पट्टीवर असते. गोड गातो का, हा प्रश्न शहरात विचारतात. आमच्याकडे विचारतात, “कितीत गातो?” काळी चार म्हटलं तर बरा, काळी पाच म्हटलं की चहा बशीतून येतो. आमचे बुवा तरुणपणापासून काळी पाचचे मानकरी. पाराखाली भजन चाललं असताना त्यांनी तान मारली आणि वरच्या आळीतल्या म्हशीने दावं तोडलं, अशी आख्यायिका आहे. बुवांनी सत्तरी ओलांडली, तशी पट्टी आणि गळा यांच्यात अंतर पडायला लागलं. पट्टी उतरवा, असं त्यांना सांगणार कोण? मुलाच्या लग्नातसुद्धा त्यांनी हुंड्यावरून नव्हे, पट्टीवरून बँडवाल्याशी भांडण काढलेलं.

आमच्या पेटीमास्तरांनी तोड काढली. त्यांनी स्केलचेंजर पेटी घेतली. या पेटीत सुरांची अख्खी पट्टी डाव्या-उजव्या बाजूला सरकवता येते. बोट काळी पाचवर, आवाज काळी तीनचा. भजनाच्या आधी मास्तर पेटी पुसण्याचं निमित्त करून मुठीने हळूच खटका सरकवायचे. बुवा वाकून बघायचे, बोट काळी पाचवरच असायचं. “हां, धरा!” म्हणायचे. सगळ्या मंडळाला ठाऊक. आम्ही तेव्हापासून एकमेकांकडे बघून गायला बसलो नाही, हसू येईल म्हणून.

गायनसंग्रहाचं काय सांगावं? तुकोबांच्या गाथ्यात साडेचार हजारांच्या आसपास अभंग आहेत. मंडळाला त्यातले साधारण वीस येतात, आणि त्यातले दोन नामदेवांचे निघाले, असं मला हा लेख लिहिताना कळलं. सुरुवात गजराने, मग मंगलाचरण, मग रूपाचा अभंग, मधे गवळण, रात्र चढली की भारूड आणि शेवटी पसायदान. हा क्रम मोडत नाही. मोडतात त्या चाली. दर दोन वर्षांनी मंडळात एखादा तरणा पोरगा येतो आणि ताज्या सिनेमातल्या गाण्याची चाल अभंगाला लावतो. अण्णा संतापतात, वारकरी संप्रदाय बुडाला म्हणतात. ते स्वतः जी ‘पारंपरिक’ चाल म्हणतात ती त्यांच्या तरुणपणी साताऱ्याच्या थिएटरात पंधरा आठवडे चालली होती, हे फक्त तात्यांना आठवतं, आणि तात्या भांडणाच्या दिवशीच ते बाहेर काढतात.

शब्दांचं तर विचारूच नका. पाठांतर वहीवरून नाही, शेजाऱ्याच्या तोंडावरून होतं, आणि शेजाऱ्याला दात नव्हते. समर्थांची गणपतीची आरती अख्ख्या महाराष्ट्राला पाठ आहे. पण शेवटच्या कडव्यात आलेलं साधं संकट आमच्याकडे, आणि सगळीकडेच, बिनदिक्कत चतुर्थी होऊन जातं. सज्जनगड आमच्या साताऱ्याहून दिसतो. समर्थांना ऐकू येत असेल तर ते दरवर्षी दहा दिवस कानावर कांबळं घेत असणार. विठ्ठलाच्या आरतीत एका शब्दावर श्वास लांबवायची जागा आहे. तिथे आमच्यात स्पर्धा लागते. एकदा तात्या इतका वेळ थांबले, की अण्णांनी आरतीचं ताट खाली ठेवून त्यांची नाडी बघितली.

माझा पुतण्या नोकरीसाठी इंग्लंडात आहे, यॉर्कशायरात. त्याला सराव दाखवावा म्हणून एकदा व्हिडिओ कॉल लावला. तो म्हणाला, “काका, इथे जवळच हडर्सफील्डला गाणाऱ्यांची मंडळी आहे, १८३६ सालापासूनची. खानावळीत स्थापना झाली.” स्थापना कुठे झाली हेही त्यांना माहीत आहे, म्हणून मी वहीत लिहून घेतलं. त्यांचे जुने नियम त्याने वाचून दाखवले. महिन्यातून एकदा जमायचं ते पौर्णिमेच्या जवळपास, म्हणजे रात्री परतताना उजेड मिळतो. बुवा खूश झाले. “आपली शुद्ध एकादशी तरी काय, चार दिवस अलीकडं. समदे सारकेच.” पुढचा नियम असा, की सभासदाला प्रत्येक बैठकीला तीन पेले बिअर, पाव आणि चीज. यावर देवळात जी शांतता पसरली ती लोणंदच्या समाजआरतीला शोभली असती. मग अण्णांनी हळूच विचारलं, “एकादशीला बी?” त्यापुढचा नियम म्हणजे सोशालिस्टांच्या सभेला जाणाऱ्याला सभासद करायचं नाही. बुवा म्हणाले, “ह्ये आपल्याला परवडायचं न्हाई. आपल्यात समद्या पक्षांची हाईत. निवडणुकीच्या म्हैन्यात निस्ती लांब लांब बशिवतो.”

पुतण्याने सांगितलं, की तिथे दर नाताळाला हँडेलचा ‘मसाया’ गातात, म्हणजे १७४१ साली लिहिलेलं तेच ते. दरवर्षी तेच ऐकायला लोक तिकीट काढतात. आमच्याकडे दर एकादशीला तेच असतं आणि फुकट असतं, तरी लोक येत नाहीत, हा फरक बहुधा तिकिटाचा असावा. त्यांच्यात आवाजाचे चार भाग असतात, दोन बायकांचे, दोन पुरुषांचे, आणि आत येण्याआधी आवाजाची परीक्षा होते, हे ऐकून मात्र सगळे गंभीर झाले. “आन् नापास झाला तर?” पखवाजवाल्याने विचारलं. “तर घेत नाहीत.” मंडळींनी आळीपाळीने एकमेकांकडे पाहिलं. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

खरं सांगायचं तर आमच्याकडे सूर नाही म्हणून कुणाला काढल्याचं चहाच्या वहीत एकही उदाहरण नाही. परीक्षा असते ती गुडघ्यांची. रात्री नऊला घातलेली मांडी एक वाजेपर्यंत मोडता कामा नये.

हे सगळं घरात वाचून दाखवल्यावर ही म्हणाली, “अहो, बायकांच्या मंडळाचं एक अक्षर नाही यात.” तिचं महिला भजनी मंडळ आहे. दुपारी तीनला म्हणजे तीनलाच बसतात. एका रंगाची साडी. सराव करतात, म्हणजे कार्यक्रमाच्या आधी. तालुक्याच्या स्पर्धेत गेल्या वर्षी त्यांनी ढाल आणली, आणि आम्हाला उत्तेजनार्थ मिळालं तेही ‘ज्येष्ठ सभासदांचा उत्साह’ या सदरात. अधिक महिन्यात त्यांना दिवसाला दोन-दोन ठिकाणची आमंत्रणं असतात. या विषयावर मी एवढंच लिहीन. जास्त लिहिलं तर स्मरणिकेचं नाव बदलावं लागेल.

गेल्या माघात वाळवा तालुक्यातल्या एका गावी अखंड हरिनाम सप्ताह होता, मेव्हण्याच्या ओळखीचा. रात्रीच्या हरिजागराचं आमंत्रण आम्हाला आलं. सप्ताहात सात दिवस वीणा खाली ठेवत नाहीत, कुणी ना कुणी पहाऱ्याला उभा असतो. पहाटे काकडा, दिवसभर पारायण, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन आणि कीर्तनकार जेवायला गेले की पहाटेपर्यंत आजूबाजूची मंडळं गात बसतात. त्याला जागर म्हणतात, पण जागे असतात ते साऊंडवाला आणि गाणारे. बाकीचे भक्त खांबाला टेकून ऐकतात, तोंड उघडं टाकून.

एका जीपमध्ये अकरा माणसं आणि वाद्यं असं आम्ही कऱ्हाड ओलांडलं. पुढे वाटेगावची कमान लागली तेव्हा बरोबर आलेला मेव्हणा म्हणाला, “हे अण्णा भाऊ साठ्यांचं गाव.” अमर शेख आणि गवाणकर यांच्याबरोबर १९४४ साली त्यांनी लाल बावटा कलापथक काढलं. शाहिराच्या मागे उभं राहून जे शेवटचा शब्द उचलतात त्यांना झीलकरी म्हणतात, हा शब्द त्या जीपमध्ये निघाला. तात्या म्हणाले, शाहीर दम घेतो तेव्हा पोवाडा झीलकऱ्याच्या गळ्यात असतो. लोकांना वाटतं शाहीरच गातोय.

गावात पोचलो आणि लक्षात आलं, की पेटी जीपमध्ये नाही. अकरा माणसं नीट मोजली होती, पेटी मोजलेली नव्हती. ती साताऱ्यात देवळाच्या ओट्यावर राहिली होती. गावच्या मंडळाने आपली पेटी पुढे सरकवली. जुनी, दणकट, खटकाबिटका काही नाही. तिची काळी पाच म्हणजे काळी पाचच. पेटीमास्तरांच्या कपाळावर माघातल्या थंडीत घाम आला. बुवांनी सवयीने वाकून बोट बघितलं आणि म्हणाले, “हां, धरा!”

गजर कसातरी निघाला. रूपाच्या अभंगाला बुवांनी वर जायला तोंड उघडलं आणि मला त्यांच्या गळ्याची शीर दिसली. सूर येणार नव्हता. समोर मंडपात पाच-सातशे माणसं, त्यातली निम्मी झोपलेली, पण निम्मी जागी. आणि त्या क्षणी तात्यांनी, ज्यांचं आणि बुवांचं चहाच्या हिशेबावरून आठ वर्षं बोलणं नव्हतं, मागून तो सूर उचलला. अण्णांनी उचलला. पखवाजवाल्याने उचलला, ज्याने कधी गायचं नसतं. मीही उचलला, ज्याने कधीच गायचं नसतं. बुवांचं तोंड उघडं होतं, हात वर होता, आणि काळी पाच मागून येत होती, नऊ-दहा फाटक्या गळ्यांतून, काही वर, काही खाली, पण येत होती. बुवांनी डोळे मिटले. समोरचा एक म्हातारा शेजाऱ्याला म्हणाला, “सातारचं बुवा हाय. ह्या वयात काळी पाच बघ की!” शेजारी झोपलेला होता, पण मान हलवली त्याने.

अशीच चार भजनं निभावली. पसायदानानंतर गावच्या सरपंचांनी बुवांना नारळ आणि टोपी दिली. आम्हा मागच्यांना चहा मिळाला. माणसं अकरा, चहा सोळा.

परतताना जीपमध्ये कुणी बोलत नव्हतं. पहाटेचे चार वाजले होते, काचेवर धुकं धरलं होतं. टोलनाका मागे गेल्यावर बुवांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि पुढे बसलेल्या पेटीमास्तरांना म्हणाले, “मास्तर, काय बी म्हना, आपलीच पेटी बरी. तिची काळी पाच मऊ हाय.”

मास्तरांनी मागे वळून बघितलं नाही. थोड्या वेळाने तात्यांनी विचारलं, “बुवा, तपकीर हाय का?” बुवांनी डबी मागे दिली. आठ वर्षांनी.

स्मरणिका छापून आली आहे. इतिहास दीड पान, जाहिराती सव्वीस पानं. स्थापनेच्या जागी ‘फार पूर्वी’ असं आहे आणि पट्टीच्या जागी ‘काळी पाच’. मंडळाला सध्या दोन टाळकरी आणि एक विणेकरी हवा आहे. बैठक दर एकादशीला मारुतीच्या देवळात, रात्री नऊला, म्हणजे दहाला. आवाज नसला तरी या. मांडी मात्र घालता आली पाहिजे, आणि शक्य असेल तर येताना थोडी कणीक घेऊन या, घट्ट मळलेली.